पट्टीत न मावलेले वाक्य

माझ्या मुलीच्या पुस्तकांच्या फळीवर 'द किसिंग हँड' हे इंग्रजी चित्रपुस्तक आहे. त्याच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कडेला पांढऱ्या कागदाची एकेक पट्टी चिकटवलेली असून त्या पट्ट्यांवर माझ्या आईच्या हस्ताक्षरात मराठी मजकूर आहे. एका पानावर तेवढ्या दोन पट्ट्या आहेत. हे पुस्तक मराठीत आणण्याचा खटाटोप आम्ही मायलेकींनी एका उन्हाळ्यात, घरातल्या एकुलत्या एका मुलीसाठी केला, त्याची ही हकीकत आहे.

आम्ही जानेवारीत पुण्याहून कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटला आलो, तेव्हा लेक साडेचार वर्षांची होती. इथे १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलाला किंडरगार्टनमध्ये प्रवेश मिळतो. तिची पाच वर्षे मे महिन्यात पूर्ण होत होती, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर शाळा सुरू होणार हे ठरलेलेच होते. प्रवेशाची बाकीची कागदपत्रे मी एका बैठकीत भरून टाकली, मात्र एका कागदापाशी थबकले. त्यावर घरच्या भाषेविषयी चार प्रश्न होते: मूल बोलायला लागले तेव्हा प्रथम कोणती भाषा शिकले, ते घरी बहुतेक वेळा कोणती भाषा बोलते, तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता आणि घरातील मोठी माणसे आपसांत कोणती भाषा बोलतात. चारही प्रश्नांचे खरे उत्तर मराठी हेच होते. ओळखीतल्या दोघीतिघींनी मात्र, "इंग्रजी लिहून मोकळी हो, नाहीतर परीक्षा घेतात," असे बजावले होते. परीक्षा खरोखरच असते. घरची भाषा इंग्रजीखेरीज दुसरी असेल, तर प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत 'एल्पॅक' नावाची इंग्रजीची चाचणी घेतात आणि त्यावरून त्या मुलाला जादा मदत द्यायची की नाही, हे ठरवतात. मदत मिळणार असेल तर ती का नाकारायची, असा विचार करून मी चारही ठिकाणी मराठी असे लिहिले. तरीही ते लिहिताना हात थोडा जड झाला होता, हे सांगायला हवे.

मे महिन्याच्या अखेरीस नव्या मुलांच्या पालकांची बैठक झाली. मुलांना गालिच्यावर आणि आम्हाला मागे छोट्या खुर्च्यांवर बसवून शिक्षिकेने हे पुस्तक वाचून दाखवले. माझ्या मुलीला शब्द फारसे कळत नव्हते. पण आई आपल्या पिल्लाचा पंजा हातात घेऊन त्याची बोटे एकेक करून उलगडते, ते चित्र आले तेव्हा तिने स्वतःचा हात उघडून पाहिला, हे मी मागून पाहिले. बैठक संपल्यावर मी शिक्षिकेला विचारले की, हे पुस्तक मी घरी इंग्रजीतून रोज वाचून तिची तयारी करून घेऊ का? त्या म्हणाल्या, "तुमच्या भाषेत वाचा. शाळेत तिला रडू येईल, तेव्हा मनात जी भाषा येईल, त्या भाषेत ही गोष्ट तिथे आधीच असू दे."

पुस्तक ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. ऑड्री पेन यांनी लिहिलेले आणि रूथ हार्पर व नॅन्सी लीक यांनी चित्रे काढलेले हे पुस्तक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते प्रथम कोणा मोठ्या व्यापारी प्रकाशनसंस्थेने काढले नाही. मुलांच्या कल्याणासाठी १९२० पासून काम करणाऱ्या 'चाइल्ड वेल्फेअर लीग ऑफ अमेरिका' या संस्थेने ते छापले. गोष्ट अगदी लहान आहे. चेस्टर नावाचे, रॅकून या अमेरिकेतल्या रानप्राण्याचे पिल्लू रानाच्या कडेला उभे राहून रडत आहे, कारण त्याला शाळेत जायचे नाही. त्याला घरी आईजवळ राहायचे आहे, आपली खेळणी आणि आपली पुस्तके सोडायची नाहीत. आई त्याला घराण्यात चालत आलेले एक गुपित सांगते. ती त्याचा पंजा उघडून तळव्याच्या मधोमध पापा घेते. एकटे वाटले की हा तळवा गालाला लावायचा, म्हणजे आईची ऊब पुन्हा आपल्यापाशी येते. अमेरिकेत किंडरगार्टनच्या पहिल्या आठवड्यात हे पुस्तक वाचणे इतके रूढ झाले आहे की, मुलांच्या रंगवलेल्या हातांचे ठसे आणि त्यांच्या मधोमध लाल बदाम, असे कागद ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्गावर्गांत टांगलेले दिसतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई साताऱ्याहून आली. ती जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षे शिक्षिका होती आणि त्यांतली बरीचशी वर्षे तिने पहिलीचा वर्ग घेतला. शाळेचा पहिला दिवस म्हणजे काय, हे तिला माझ्याहून आणि बहुधा त्या पुस्तकाहूनही अधिक ठाऊक होते. मी पुस्तकाची एक प्रत विकत आणली, दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि चित्र कमीत कमी झाकले जाईल अशा बेताने त्या पानांच्या तळाशी बसवायचे ठरवले. एका पट्टीत आईच्या ठळक, मोठ्या अक्षराच्या दोन ओळी मावत. मी मराठी करायचे, आईने ते मोठ्याने वाचायचे आणि तिच्या तोंडी बसले तरच पट्टीवर उतरवायचे, असा क्रम ठरला. रोज दुपारी लेक झोपली की आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत असू. आठदहा दिवसांत उरकेल असे वाटलेले काम जुलैच्या मध्यापर्यंत चालले.

पहिली अडचण नावाचीच आली. 'पापा' या शब्दाचे सामान्यरूप करून मी 'पाप्याचा हात' असे लिहिले आणि आईने ते वाचताच कागद खाली ठेवला. "अगं, पाप्याचा म्हणजे पाप करणाऱ्याचा. पाप्याचे पितर म्हणतो ना आपण?" मग मी 'मुका' घेतला. आमच्याकडे सातारा-कोल्हापूरकडे लहान मुलाचा मुकाच घेतात. पण 'मुक्याचा हात' म्हटले की बोलता न येणाऱ्याचा हात डोळ्यांपुढे येतो. 'चुंबन' हा शब्द तर आईने आपल्या लेकराच्या बाबतीत उच्चारावा असा नाहीच. तीन दिवस हा घोळ चालला. शेवटी आई म्हणाली की, हाताचे नाव कशाला द्यायचे, जे हातात आहे त्याचे द्यावे. अशा रीतीने 'मुठीतला पापा' हे नाव मिळाले आणि ते मला मूळ नावाहून अधिक आवडते, कारण गोष्टीत आई पापा घेऊन झाल्यावर पिल्लाची बोटे त्यावर मिटवते.

रॅकूनला मराठी नाव नाही, कारण तो आपल्याकडे नाही. आईने चित्र पाहून 'उदमांजर' सुचवले. तिच्या लहानपणी रात्री कौलांवरून धावणारे उदमांजर तिने पुष्कळदा पाहिले होते, आणि निशाचर, लांब शेपटीचे, माणसाच्या घराजवळ वावरणारे जनावर म्हणून ते जुळतही होते. पण चित्रातली डोळ्यांभोवतीची काळी पट्टी आणि शेपटीवरची कडी उदमांजराची नव्हती, आणि शेजारच्या मुलांशी बोलताना लेकीला रॅकून हाच शब्द लागणार होता. आम्ही रॅकून ठेवला. त्यानंतर काही दिवसांनी एके सकाळी मागच्या अंगणातली हिरवळ ठिकठिकाणी उकरलेली आणि फरशीवर वाळलेल्या चिखलाचे ठसे उमटलेले दिसले. हिरवळीखालच्या अळ्यांसाठी रॅकून रात्री अशी उकराउकर करतात. ठसे पाहून मात्र आम्ही तिघीही उकिडव्या बसलो. पाच लांब, सुटी बोटे, मध्ये छोटा तळवा, अगदी तान्ह्या बाळाने हात टेकावा तसे ते होते. रॅकूनची विष्ठा असेल तिथे जंतांचा धोका असतो, म्हणून मी लेकीला हात लावू दिला नाही. तेव्हा तिने ठशाच्या वर, वीतभर अंतरावर आपला हात तसाच बोटे फाकवून धरला आणि म्हणाली, "चेस्टर येऊन गेला."

त्या दिवशी मी रॅकूनविषयी वाचत बसले. त्याचे पुढचे पंजे कमालीचे संवेदनशील असतात आणि त्याच्या मेंदूचा स्पर्श जाणणारा बराच मोठा भाग एकट्या त्या पंजांसाठी राखलेला असतो. रॅकून हे नावसुद्धा व्हर्जिनियातल्या पोहॅटन लोकांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ हातांनी खरवडणारा असा आहे. आईने तळव्यावर पापा द्यावा, अशा गोष्टीसाठी याहून योग्य प्राणी सापडला नसता, असे मला मनापासून वाटते.

सगळ्यांत अधिक वेळ घेतला तो सर्वांत सोप्या वाक्याने. तळवा गालाला लावून पिल्लाने मनात काय म्हणायचे, तर आईचे माझ्यावर प्रेम आहे, असे मूळ पुस्तकात आहे. इंग्रजीत ते सहज वाटते. मराठीत तसेच्या तसे लिहून मी वाचले आणि माझेच मला परके वाटले. माझ्या आईने मला आयुष्यात एकदाही "माझे तुझ्यावर प्रेम आहे" असे म्हटलेले नाही, आणि तिच्या प्रेमाविषयी मला कधी क्षणभर शंकाही आलेली नाही. मी तिला विचारले, "तू वर्गात रडणाऱ्या पोरांना काय म्हणायचीस?" ती म्हणाली, "बाई आहेत ना, असं म्हणायचे. दुसरं काय?" ताप आल्यावर, अंधारात वीज गेल्यावर, गुडघा फुटल्यावर मीही तिच्याकडून तेच ऐकले होते. पट्टीवर 'आई आहे ना' एवढेच तीन शब्द आले. त्या पानावरची पट्टी अर्धी कोरी आहे.

गोष्टीतल्या पिल्लाची शाळा रात्री भरते, हेही सांगायचे होते. मी 'रात्रशाळा' लिहिले तेव्हा आईला मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या रात्रशाळा आठवल्या. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हापासून मराठीत या शब्दाला कष्टाचा वास आहे, आणि तो या पिल्लाच्या अंगावर घालणे बरे दिसेना. 'रात्रीची शाळा' असे लिहून भागले. शेवटच्या निरोपाला मात्र आईने क्षणाचाही विचार केला नाही. पिल्लू आईचा निरोप घेऊन शाळेकडे निघते, तिथे तिने माझ्या कागदाकडे न पाहता थेट पट्टीवर लिहिले, 'येतो हं, आई.' घरातून निघताना 'जातो' म्हणायचे नाही, हे लेकीला कधी शिकवावे लागले नव्हते.

एका पानावर मजकूर काही केल्या पट्टीत मावेना. आई पिल्लाची मूठ मिटवते आणि गमतीने म्हणते की, सांभाळ, हरवू नकोस. त्यापुढे आणखी एक वाक्य आहे, पिल्लाने मूठ उघडून आपला खाऊ धुतला, तरी पापा निघून जाणार नाही, अशी ती हमी देते. रॅकून पाण्यात हात घालून खाणे चाचपतात. त्यांच्या शास्त्रीय नावातल्या 'लोटोर' या शब्दाचा अर्थच धुणारा असा आहे. हे सगळे पाच वर्षांच्या मुलीला कसे समजवायचे, आणि दोन ओळींत कसे बसवायचे? गोष्ट त्या वाक्यावाचून अडत नाही असे मला वाटले आणि मी ते गाळले. आईला इंग्रजी बेताचे येते, मी जे मराठी देत असे त्यावरच ती काम करत होती, त्यामुळे तिला ते कळले नाही.

जुलैत पुस्तक तयार झाले आणि त्याचा पहिला उपयोग शाळेआधीच झाला. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा तिचा पहिला डोस पुण्यात नवव्या महिन्यात दिलेला होता, आणि वर्षाच्या आत दिलेला डोस इथे शाळेच्या प्रवेशासाठी धरत नाहीत, म्हणून आणखी एक डोस घ्यावा लागला. सुई टोचताना ती ओरडली, पण दुसऱ्या हाताचा तळवा तिने गालाशी घट्ट दाबून धरला होता. त्यानंतर रोज रात्री पुस्तक वाचून झाले की पापा घ्यायचा, मूठ मिटायची, हा नेम झाला. त्यात आजीने आपली भर घातली. दोन्ही हात नातीच्या गालांवरून फिरवून ती अलाबला घेत असे आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटे कडाकडा मोडत असे. नात बोटे मोजायची. आठ वाजली तर चांगले, दहा वाजली तर फारच चांगले.

शाळा बुधवारी सुरू झाली. पहिल्या दिवशी फाटकापाशी मी पापा घेतला, तिने मूठ मिटली, "येते" म्हणाली आणि मूठ तशीच छातीशी धरून रांगेत गेली. रडली नाही. मला केवढे हायसे वाटले! गुरुवारी शिक्षिकेने सांगितले की, सकाळभर ती छान होती, पण जेवणाच्या सुट्टीपासून रडू थांबेना. शुक्रवारी पुन्हा तेच झाले. जेवणाआधी सगळी मुले बेसिनपाशी हात धुतात, तिथे ती अडून बसली, उजवा हात पाण्याखाली धरायला तयार होईना, आणि धुतल्यावर जी रडू लागली ती सुट्टी होईपर्यंत. साबण झोंबतो का, तळव्याला काही लागले आहे का, असे त्यांनी मला विचारले. मी घरी आल्यावर तळवा उलटसुलट पाहिला. काहीच नव्हते.

शनिवारी सकाळी आजीने तिला मांडीवर घेतले आणि विचारले. आमच्या कोणाच्या प्रश्नाला न दिलेले उत्तर तिने तिथे दिले. "बुधवारीच गेला. साबणाने गेला. मग दुपारी काहीच नव्हतं."

मला कळायला काही क्षण लागले. मी पुस्तक आणले, ते पान उघडले आणि माझ्या पट्टीच्या वर, स्वच्छ छापील इंग्रजीत, ते वाक्य होते. शिक्षिकेला पट्टी वाचता येत नव्हती, लेकीला वरचे इंग्रजी वाचता येत नव्हते, आईला मी सांगितलेच नव्हते. दोन्ही वाचू शकणारी मी एकटी होते आणि नेमके तेच मी काढून टाकले होते. बत्तीस वर्षे पोरांच्या शंकांना उत्तरे दिलेल्या आईला मी वाक्याचा अर्थ सांगितला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "लिहिणाऱ्या बाईंना मुलं ठाऊक आहेत." मला बोल लावला असता तर बरे वाटले असते.

नवी पट्टी कापली. मूळ पुस्तकात खाऊ धुण्याचे आहे, हात धुण्याचे नाही. इथे मला भर घालणे भाग होते आणि ती मी जाणूनबुजून घातली. 'वचन' हा शब्द आईला जड वाटला. 'मूठ उघड, खाऊ धू, हात धू. आई सांगते ना, पापा जायचा नाही,' असे पट्टीवर आले. ती पट्टी लेकीने स्वतः चिकटवली, म्हणून ती वाकडी आहे आणि चेस्टरच्या आईची शेपटी निम्मी झाकली गेली आहे.

मग आम्ही तिघी न्हाणीघरात गेलो. मी पापा घेतला. तिने साबण लावला, फेस केला, पाण्याखाली हात बराच वेळ धरला, टॉवेलने पुसला आणि तळवा गालाला लावून डोळे मिटले. आजीने विचारले, "आहे?" तिने उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की माझा जीव वर आला. "आहे. पण ओला झालाय."

सोमवारी दुपारी शिक्षिका फाटकाशी भेटल्या. जेवणाआधी ती आपणहून बेसिनपाशी गेली होती. हात धुतल्यावर कागदाला न पुसता तिने तो तसाच गालाला लावला, आणि बाहीत पाणी ओघळत असताना डब्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.